माशांच्या पिलांसाठीं उबदार हौद

हिवाळ्यांत भल्या पहाटे विहिरीचें पाणी शेंदणाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते. हातपाय गारठून जावेत इतकी थंडी असली, तरी पोहऱ्यांतून वर आलेलें पाणी कोमट लागतें. उलट अंगणांतल्या उघड्या हौदाचें पाणी त्याच वेळीं हात घालवणार नाहीं इतकें गार झालेलें असतें. विहिरीखालीं कोणी चूल पेटविलेली नसते. भोवतालच्या जमिनीनें वर्षभराची ऊब धरून ठेवलेली असते, इतकेंच. ऊब उत्पन्न करणें ही एक गोष्ट, व असलेली ऊब जाऊं न देणें ही दुसरी. आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां फार स्वस्त पडते. कोई जातीच्या माशांचीं पिलें उघड्यावरच्या हौदांत वाढवितांना ह्या तत्त्वाचा उपयोग कसा करावा, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

आपल्याकडील मत्स्यव्यावसायिक ज्या माशास 'सायप्रिनस' म्हणतात, त्याचाच कोई हा रंगीत प्रकार होय. जपानांतील नीगाता प्रांताच्या यामाकोशी नामक डोंगराळ भागांत भातशेती करणारे लोक खाण्यासाठीं हे मासे तळ्यांत पाळीत. एकोणिसाव्या शतकांत त्यांत कांहीं रंगीत मासे निपजले; ते लोकांनीं निवडून वेगळे वाढविले, आणि १९१४ सालीं टोकियो येथें भरलेल्या प्रदर्शनामुळें ते सर्वत्र प्रसिद्धीस आले. त्या भागांत हिवाळ्यांत माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ सांचतो. म्हणून थंडी पडण्यापूर्वीं तेथील लोक मासे मातीच्या तळ्यांतून काढून छपराखालच्या हौदांत आणून ठेवतात.

येथें कोणी विचारील, 'आपल्या उमापुरांत बर्फ कोठें पडतो? मग हा खटाटोप कशास?' शंका योग्य आहे, व तिचें उत्तर आपल्या हवेंतच आहे. गेवराई तालुक्याचा हा मुलूख समुद्रापासून दूर, हवा कोरडी आणि हिवाळ्यांत आकाश निरभ्र. डिसेंबर-जानेवारींत दुपारीं पारा तिसाच्या आसपास असतो, तर पहाटे कित्येकदां दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. पैठणच्या नाथसागरासारख्या विशाल जलाशयास हा चढउतार फारसा जाणवत नाहीं. परंतु हजार-बाराशें लिटरांच्या हौदास तो पुरतेपणीं सोसावा लागतो.

मासा हा शीतरक्त प्राणी आहे. पाण्याचें तापमान तेंच बहुतेक त्याच्या शरीराचें तापमान. सुमारे २२ ते २६ अंश सेल्सिअस उष्णतेंत ह्या जातीचीं पिलें झपाट्यानें वाढतात. पाणी पंधरा अंशांखालीं गेलें कीं त्यांचें खाणें मंदावतें, दहाच्या खालीं तें जवळजवळ थांबतें, आणि रोगास तोंड देण्याची शक्तिहि क्षीण होते. मोठ्या माशाच्या अंगीं चरबीचा सांठा असतो, म्हणून तो तग धरतो; नुकत्याच पोहूं लागलेल्या पिलाजवळ असा सांठा नसतो. शिवाय भारतांतील मैदानी प्रदेशांत ह्या माशाच्या विणीचा एक मुख्य हंगाम जानेवारी ते मार्च हा आहे. म्हणजे जीं पिलें थंडीला सर्वांत कमी टिकाव धरणारीं, तींच थंड रात्रींच्या दिवसांत जन्मास येतात.

आतां उष्णतेचा हिशेब पाहूं. समजा, आपला हौद २ मीटर लांब, १ मीटर रुंद असून त्यांत ६० सेंटिमीटर पाणी आहे. हें पाणी १,२०० लिटर झालें. तें एका अंशानें तापविण्यास सुमारे १.४ युनिट वीज लागते. ही उष्णता जाते कोठें? बहुतेकांस वाटतें, भिंतींतून. पण खरी वाट वरची आहे. पाण्याची वाफ होतांना ती पुष्कळ उष्णता बरोबर घेऊन जाते. ह्या हौदांतून केवळ दोन लिटर पाणी वाफ होऊन उडालें, म्हणजे पातळी अवघी एक मिलिमीटर उतरली, तरी राहिलेलें सगळें पाणी जवळजवळ एक अंशानें निवतें! त्यांत निरभ्र आकाशाकडे होणारें उत्सर्जन व वाऱ्याचा स्पर्श ह्यांची भर पडते. बाहेर बारा अंश थंडी असतां चोवीस अंशांचें उघडें पाणी एका रात्रींत चार-पांच अंशांनीं उतरावें, असा हिशेब निघतो.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो: आधीं झांकण, मग भिंती, आणि हीटर सर्वांत शेवटीं.

झांकण दोन प्रकारचें असावें. दिवसा पारदर्शक प्लॅस्टिकचें, म्हणजे ऊन आंत येईल व वाफ बाहेर जाणार नाहीं. सूर्य मावळतांच त्यावर दोन इंच जाडीच्या थर्माकोलच्या फळ्या ठेवाव्या. हवा खेळण्यापुरती एका कोपऱ्यांत फट ठेवावी. दुपारीं पाणी फार तापूं लागल्यास प्लॅस्टिकहि सरकवावें.

भिंतींविषयीं असें कीं, नऊ इंची विटेची भिंत मजबूत खरी, पण ती ऊब राखीत नाहीं. तिला बाहेरून दोन इंची थर्माकोल लावल्यास भिंतींतून जाणारी उष्णता सुमारे एकचतुर्थांशावर येते. थर्माकोल उंदीर व मुंग्या कोरतात. म्हणून त्यावर बारीक जाळी ठोकून गिलावा करावा. थर्माकोल न मिळाल्यास दोन भिंतींमध्यें चार-सहा बोटें अंतर ठेवून तेथें प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेला कोरडा भुसा भरावा. मात्र तो भिजतां कामा नये. गोधडीची ऊब तिच्यांत अडकलेल्या हवेमुळें असते. ओली गोधडी पांघरून कोणास ऊब आली आहे काय? हौदाचा तळहि असाच कोरड्या थरावर घ्यावा, आणि जागा वाऱ्याच्या आडोशाची, पण सकाळचें ऊन लागेल अशी निवडावी.

नव्या सिमेंटांतून चुना सुटतो व तो पिलांस घातक असतो. म्हणून हौद बांधल्यावर पाणी भरावें व उपसावें, असें दोन-तीन आठवडे पुनःपुन्हां करावें. अथवा शेततळ्यांत घालतात तें ५०० मायक्रॉनचें प्लॅस्टिक आंतून अंथरावें.

एवढें झाल्यावर हीटर पाहावा. वरील मापाच्या हौदास थर्मोस्टॅट असलेला, मत्स्यपेटीसाठींच बनविलेला ३०० वॅटचा हीटर पुरतो. तो पाण्याला तासांत जेमतेम एकपंचमांश अंशानें चढवितो, आणि हा मंदपणा हिताचाच आहे. कारण पिलांना एकाएकीं होणारा बदल सोसत नाहीं. पाणी दिवसाकाठीं एक-दोन अंशांहून अधिक चढवूं नये.

स्नानाचें पाणी तापविण्याची जी कांडी घरोघर असते, ती हौदांत कदापि सोडूं नये. तिला तापमान ओळखून बंद होण्याची सोय बहुधा नसते. तिच्या तांब्याचा अंश पाण्यांत उतरल्यास तो माशांस विषारी ठरतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट, तिच्यामुळें हौदांत हात घालणाऱ्या मुलाचा जीव जाऊं शकतो. अर्थिंगची तार, आणि विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारें ३० मिलिअँपिअरचें आर.सी.सी.बी. यंत्र, हीं दोन्ही जाणत्या वायरमनकडून बसवून घेतल्यावांचून हीटर लावूं नये. हात घालण्यापूर्वीं दर वेळीं प्लग काढावा. पालकांनीं ह्या बाबतींत मुलांच्या शब्दावर न विसंबतां स्वतः पाहणी करावी.

आतां ऊब दिल्यानें जें नवें ओझें अंगावर येतें, त्याचा विचार करूं. पाणी जितकें उष्ण, तितका त्यांत प्राणवायु कमी विरघळतो: पंधरा अंशांच्या एका लिटर पाण्यांत तो सुमारे १० मिलिग्रॅम मावतो, पंचवीस अंशांच्या पाण्यांत सुमारे ८. इकडे पिलें अधिक खातात, अधिक श्वसन करतात व अधिक मळ टाकतात. त्या मळांतील अमोनियाचा विषारी अंशहि उष्णतेनें वाढतो. पंधराचे पंचवीस अंश झाले तर तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून हवेचा पंप व गाळणी नसेल तर हीटर हा उपकार नसून अपकार होय. एका पिंपांत नायलॉनच्या जाळीचे बोळे भरून त्यांतून पाणी सतत फिरतें ठेवल्यास त्यांवर उपयुक्त जंतु वस्ती करतात व अमोनियाचें रूपांतर कमी घातक क्षारांत करतात. ही वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. यास्तव जानेवारींत पिलें हवीं असतील तर हौद नोव्हेंबरांतच चालू करावा. काढलेलें पाणी भाजीच्या वाफ्यांस द्यावें. आपल्या दुष्काळी जिल्ह्यांत तें वायां घालविणें योग्य नव्हे. नव्यानें घालावयाचें विहिरीचें पाणी उंचावरून धारेनें पाडावें, म्हणजे त्यांत हवा मिसळते.

राहतां राहिला विजेचा प्रश्न. रात्रीं वीज गेली तर काय? वरीलप्रमाणें झांकलेला हौद सबंध रात्रींत फार तर एखाद्या अंशानें उतरतो, आणि तेवढें पिलें सहज सोसतात. त्या प्रसंगीं थंडीच्या आधीं गुदमरणें हेंच मरणाचें कारण होतें. म्हणून पैसे थोडेच असतील तर मोठ्या हीटरवर न घालतां बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपावर घालावे, व वीज येईपर्यंत खाद्य बंद ठेवावें. आणखी एक सूचना: नको झालेलीं पिलें नदींत वा ओढ्यांत सोडूं नयेत. हा मासा तळ ढवळून पाणी गढूळ करतो व तेथल्या मूळच्या माशांचें स्थान बळकावतो.

विद्यार्थी मित्रहो, हौद बांधणें प्रत्येकास साधेल असें नाहीं. पण त्यामागील शास्त्र तीन बादल्यांत पडताळतां येईल. थंडीच्या दिवसांत सायंकाळीं तिन्ही बादल्यांत सारखेंच कोमट पाणी भरा. एक तशीच उघडी ठेवा, दुसरीस भोवतीं गोधडी गुंडाळून तोंड उघडें ठेवा, तिसरीस गोधडीहि गुंडाळा व झांकणहि घाला. कोणाचें पाणी किती उतरेल, हें आधीं वहींत लिहा. मग पहाटे तापमापक घेऊन पाहा. ज्यास ह्या आंकड्यांचा अर्थ लागला, त्याच्या हातीं परमेश्वराच्या सृष्टींतील एखादा इवलासा जीव सोंपविण्यास हरकत नाहीं.