कूस बदलताना

आईच्या खाटेशेजारी स्टुलावर एक वही असायची. रात्री दहा, डावी कूस. बारा, पाठ. दोन, उजवी. चार, पुन्हा डावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. भार एकाच जागी राहिला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि तिथे जखम होते. माकडहाड, खुबा, टाच अशा हाडांवर मांस कमी असतं, म्हणून जखम आधी तिथे उमटते. पावणेदोन वर्षं मी मोबाइलचा गजर लावून उठत होते. आईला शेवटपर्यंत एकही बेडसोअर झाला नाही, याचं समाधान आजही आहे.

त्याच काळात माझं वजन सात किलोंनी उतरलं, रक्तदाब वाढला आणि एका दुपारी भाजी करपली म्हणून मी ओट्यापाशी हुंदके देऊन रडले. कॅथेटर बदलायला येणाऱ्या सिस्टरनी एकदा वही चाळली आणि विचारलं, "ताई, हे सगळं आईंचं झालं. तुमचं कुठल्या पानावर आहे?"

माझं पान नव्हतंच. आजारी माणसाला सांभाळणाऱ्या, कामाच्या रगाड्यात पिचणाऱ्या कितीतरी जणांचं ते नसतं. हा लेख त्या पानाविषयी आहे.

तोल हलता असतो

एका पायावर उभं राहून खाली बघा. पाऊल क्षणभरही स्थिर नसतं. बोटं जमीन धरतात, सोडतात. घोटा आत-बाहेर कलतो. डोळे, आतला कान आणि तळवा मेंदूला सतत खबर देत असतात आणि मेंदू बारीक दुरुस्त्या करत राहतो. त्या थांबल्या की माणूस पडतो.

शरीराच्या आतही हेच चालू असतं. तापमान, रक्तातली साखर, पाणी आणि क्षार हे सगळं ठरावीक मर्यादेत राखण्याच्या या धडपडीला अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1926 मध्ये 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिलं. पुढे 1993 मध्ये ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलार यांनी या दुरुस्त्यांची किंमत दाखवून दिली. संकट आलं की कॉर्टिसोल, अ‍ॅड्रिनलिन धावून येतात आणि आपल्याला तारून नेतात. पण संकट संपतच नसेल, तर तीच संप्रेरकं रक्तवाहिन्या, झोप आणि स्मरणशक्तीला झिजवू लागतात. या साचत जाणाऱ्या झिजेला त्यांनी 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' म्हटलं. भार थोडाच असला तरी तो एकाच जागी फार काळ राहिला की जखम करतो. आईच्या टाचेला लागू असलेला नियम मलाही लागू होता.

आपल्याकडे 'स्वस्थ' या शब्दाचा अर्थच स्वतःमध्ये स्थिर असलेला असा आहे. सुश्रुतसंहितेतल्या व्याख्येत दोष, अग्नी, धातू यांच्या समतेबरोबरच आत्मा, इंद्रियं आणि मन यांची प्रसन्नताही येते. 1948 मध्ये अमलात आलेली जागतिक आरोग्य संघटनेची घटना शारीरिक, मानसिक आणि सामाजिक या तिन्ही अंगांनी आरोग्याकडे बघते. सर्वांगीण काळजी म्हणतात ती हीच. झोप बिघडली की भूक बिघडते, भूक बिघडली की स्वभाव चिडचिडा होतो आणि स्वभाव बिघडला की माणसं दुरावतात. सुदैवाने ही साखळी उलट्या दिशेनेही चालते. एक कडी सरळ केली की शेजारची थोडी सैल होते.

हाताशी असलेल्या कड्या

मी झोपेपासून सुरुवात केली. मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचं एक घड्याळ असतं. पेशींमधली ही घड्याळं कशी चालतात याच्या शोधासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज लावून देणारी मुख्य गोष्ट म्हणजे सकाळचा उजेड. रात्र तुटलेली असली तरी उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी आणि उठल्यावर गॅलरीत दहा-पंधरा मिनिटं उभं राहावं. एवढ्यानेही घड्याळाला धागा सापडतो.

दुसरी दुरुस्ती चहाची. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन साचत जातं आणि त्यामुळे पेंग येते. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं आणि शरीरातून निम्मं जायलाही त्याला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेला कडक चहा रात्री अकरालाही अर्धा शिल्लक असतो. जागरण आहे म्हणून मी चहा वाढवत होते, आणि मिळालेल्या दोन तासांतही डोळा लागत नव्हता. चारनंतरचा चहा बंद केल्यावर आठवड्याभरात फरक जाणवला.

तिसरी दुरुस्ती श्वासाची. मनगटावर नाडी धरून सावकाश श्वास घ्या आणि सोडा. आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना संथ. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नस हृदयाला आवरते. म्हणून लांबवलेला उच्छ्वास मनाला निववतो. लोणावळ्याला 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या, तेव्हापासून हा अभ्यास चालू आहे. इटलीतल्या ल्युचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं की माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना असो वा मंत्राचा जप, दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाची लय सुधारते. आई माळ ओढायची तेव्हा तिचा चेहरा का निवायचा, ते मला फार उशिरा उमगलं.

चालण्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल सुचवते. ती तुकड्यातुकड्यांत झाली तरी चालते. दूध आणायला पायी जाणंही त्यात धरा.

माणसं आणि वाटणी

इथपर्यंतचं एकट्याने जमतं. पण एकट्याने फार काळ टिकत नाही. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यासांमधली तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र पाहिली. ज्यांची नाती घट्ट होती, त्यांची तग धरण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली. भिशी, भजनी मंडळ, पारावरचा किंवा सोसायटीतला कट्टा यांना वेळ घालवण्याची ठिकाणं समजू नका. तिथे आपलं नाव घेऊन चौकशी करणारं कुणीतरी असतं. मी पावणेदोन वर्षांत पहिली गोष्ट सोडली ती गुरुवारचं भजन. तीच शेवटपर्यंत धरून ठेवायला हवी होती.

आणि वाटणीशिवाय वेळ येणार कुठून? केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. ज्या बाईचे पाच तास असे जातात, तिला 'स्वतःसाठी वेळ काढ' एवढंच सांगून भागत नाही. तिच्या हातातलं काम उचलावं लागतं. स्वतःची काळजी घेणं म्हणजे कितीदा तरी तोंड उघडून मदत मागणं असतं, आणि घराने ती न रुसता देणं असतं.

काही ओझी मात्र घरच्यांनाही पेलत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते मनाचं दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नकोसं वाटू लागलं तर दोन आठवडे वाट पाहू नका. सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते आणि मराठीतही बोलता येतं. फोन उचलण्यात कसलाही कमीपणा नाही.

सिस्टरांच्या प्रश्नानंतर आठवड्याने मी भावाला फोन केला. माझ्याच्याने आता होत नाही, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. तो म्हणाला, "अगं, मला वाटायचं तुला माझं केलेलं पटणार नाही." मंगळवार आणि शुक्रवारच्या रात्री त्याने घेतल्या.

आई गेली. वही मी ठेवली आहे. पहिल्या मंगळवारच्या पानावर त्याच्या अक्षरात लिहिलंय: दोन वाजता, उजवी कूस. ताई झोपली आहे.