चैत्रातलं कास

सप्टेंबरात फुलं बघायला कासच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. तेच चैत्रात साताऱ्यात कुणाला सांगून पाहा, की कासला निघालोय. समोरचा हमखास विचारतो, "आत्ता? आत्ता काय बघायचंय तिथं?" त्याचंही खरंच आहे म्हणा. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे 25 किलोमीटरवर, 1200 मीटरच्या आसपास उंचीवरचं हे पठार या दिवसांत करडं, तपकिरी, भाजून निघाल्यासारखं दिसतं. फुलांचे गालिचे नाहीत, धुकं नाही, गर्दीही नाही. मला विचाराल तर पठार समजून घ्यायला हाच काळ चांगला. सप्टेंबरात नजर फुलांवरून हटत नाही. आत्ता ती खडकावर पडते.

उन्हं चढायच्या आत चालायला लागावं. सपाटीमुळे दम लागत नाही, वारा सोबतीला असतोच. कडेला आलं की खाली गर्द झाडीत कास तलावाचं पाणी दिसतं. तलाव ब्रिटिश अमदानीतला; त्याचं पाणी पंपाची मदत न घेता निव्वळ उताराने साताऱ्यापर्यंत पोचतं. भोवतालच्या झाडांना नवी पालवी फुटलेली असते, कुठे तांबूस, कुठे पोपटी. पठाराच्या काठावर वाऱ्याने खुजी ठेवलेली अंजनीची झाडं आहेत. त्यांच्या पानांखालच्या जुन्या काड्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात आणि झाडाजवळ जायच्या आधीच मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येतो.

आता पायाखाली बघा. इथं पावसाळ्यात 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि सहा महिन्यांत सगळं कोरडंठाक! पाणी गेलं कुठे? उत्तर या तांबड्या, भोकाभोकांच्या जांभ्या दगडात आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थर साचले, त्यांचा काळा बेसाल्ट झाला. उष्ण, दमट हवेत पावसाने त्या बेसाल्टमधली सिलिका आणि इतर क्षार लाखो वर्षं धुऊन नेले. मागे उरली ती मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, म्हणजे एका अर्थी गंजच. तो गंज घट्ट होऊन त्याचं कवच बनलं. पठार सपाट राहिलं ते या कवचामुळे.

काही भूवैज्ञानिक याहून चक्रावणारी गोष्ट सांगतात. त्यांच्या मते हे कवच मुळात जुन्या नद्यांच्या खोऱ्यांत तयार झालं. आजूबाजूचे डोंगर झिजून गेले, कवच टिकलं, आणि एके काळची दरी आज माथा झाली. हे सर्वांना पटलेलं नाही. पण माथ्यावर उभं राहून आपण एखाद्या नदीच्या तळाशी असू, ही शक्यताच केवढी भारी आहे!

या जांभ्याच्या फटींतून पाणी खाली झिरपतं. त्याच्या बुडाशी चिकणमातीसारखा थर असतो, तिथं ते अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. खालची झाडी उन्हाळ्यातही हिरवी कशी आणि वर गवताचं पान ओलं का नाही, हे कोडं इथं सुटतं.

मग साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची ती कीर्ती? त्या आत्ताही इथंच आहेत. गेंद आणि सीतेची आसवं बियांच्या रूपात, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक. सह्याद्रीतल्या मोजक्या पठारांखेरीज जगात कुठेही न सापडणारा वायतुरा चिखल वाळलेल्या खळग्यात कंद होऊन पडलेला. टोपली कारवीला तर घाईच नाही, ती सात वर्षांतून एकदा फुलते. सगळ्यांत अजब काही गवतं आणि नेचे. ती बी किंवा कंदात लपत नाहीत, पानांसकट वाळतात. पेशींमधलं पाणी दहा टक्क्यांच्याही खाली जातं, एरवी एवढ्यात झाड मेलंच. पण या वनस्पती पेशींत शर्करा साठवतात. ती काचेसारखी घट्ट होऊन आतली प्रथिनं आणि पटलं जागच्या जागी धरून ठेवते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी 2023 मध्ये पश्चिम घाटातल्या अशा 62 वनस्पतींची नोंद केली. त्याआधी जेमतेम नऊ माहीत होत्या.

म्हणून खडकावरचं वाळकं गवत उपटू नये आणि सुटा दगड उलटून बघू नये; त्याखाली पाली, विंचू, गोमी सावलीला असतात. मे महिन्यात वळवाची एक दमदार सर येऊन जाऊ द्या. जी पानं काडेपेटीच्या एका काडीने पेटली असती, ती दिवसा-दोन दिवसांत हिरवी झालेली दिसतील.