सही विकायची नसते: इलेक्ट्रिकच्या धंद्यातली जबाबदारी



शहापूर-मुरबाड पट्ट्यात इलेक्ट्रिकचं काम सुरू करायचं ठरवलंय? छान. आसनगाव-वासिंदला इमारती उठतायत, मुरबाडला एमआयडीसी आहे, किन्हवली, धसई, टोकावड्याकडे फार्महाऊस होतायत. आयटीआय झालेला, हातात काम असलेला मुलगा थोड्या भांडवलात उभा राहू शकतो. रेट कसा काढायचा, गिऱ्हाईक कसं जोडायचं, हे सगळे विचारतात. आज मात्र धंद्याच्या अशा भागाबद्दल बोलू जो बिलात दिसत नाही, पण चुकला तर माणूस जातो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. चौकशीत शॉर्ट सर्किटचं कारण पुढे आलं. रुग्णालय असो की पाड्यावरचं दोन खोल्यांचं घर, आत राहणाऱ्याला वायर तपासता येत नाही. तो कोणाच्या तरी कामावर विश्वास ठेवून झोपतो. उद्या तो "कोणीतरी" तुम्ही असणार आहात.

१. "शेठ, फक्त सही मारा"

नवीन मीटरसाठी महावितरणकडे अर्ज करताना परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. वायरिंगचं काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरनेच, पात्र सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायचं, असा नियम आहे.

आता समजा, तुम्हाला लायसन्स मिळालं. महिन्याभरात कोणीतरी येईल. "शेठ, काम झालंय, फक्त सही मारा, पाचशे घ्या." दहा मिनिटांत पाचशे रुपये! महिन्याला वीस सह्या केल्या तर दहा हजार. मोह होणारच.

पण त्या कागदावर तुम्ही काय लिहून देताय ते बघा. ५०० व्होल्टच्या मेगरने वायरिंग तपासलं, इन्सुलेशन १ मेगाओहमच्या वर आलं, अर्थिंग जोडलेलं आहे. तुम्ही तर त्या घराचा उंबराही ओलांडलेला नाही. मग ती सही म्हणजे खोटी साक्ष झाली. पुढे शॉक लागून कोणी गेलं तर पोलीस रिपोर्टवरचं नाव वाचतात. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

अजून लायसन्स नाही? मग सही विकत घेऊ नका. चांगल्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम करा, वायरमन परमिट काढा, मग पुढची पायरी. सही विकत घेतली की तुमची चूक पकडणारा शेवटचा माणूसही जातो.

२. "एमसीबी आहे ना, आरसीसीबी कशाला?"

हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. गिऱ्हाइकाला असं समजवा.

१६ अँपिअरची एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. तिचं काम ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट झालं की वायर वाचवणं. माणसाचा जीव जायला १०० मिलिअँपिअरच्या आतला करंटही पुरतो. गीझरला हात लागून माणूस चिकटला तरी एमसीबीला पत्ताच लागत नाही. साधा ६० वॅटचा जुना बल्ब साधारण २६० मिलिअँपिअर घेतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी त्याच्या नवव्या हिश्शाएवढी गळती झाली तरी लाईन तोडते.

म्हणून कोटेशनमध्ये "आरसीसीबीसह" आणि "आरसीसीबीशिवाय" असे दोन भाव देऊच नका. एकच भाव द्या. पैसे कमी करायचेच असतील तर फॅन्सी स्विचेस साधे करा, झुंबराचा पॉईंट नंतर करा. जीव वाचवणारी वस्तू घासाघीशीत ठेवायची नाही.

३. पावसाळ्यातलं अर्थिंग खोटं बोलतं

आपल्याकडे खाली मुरूम आणि कातळ. जुलैमध्ये खड्डा चिंब असतो, रीडिंग झकास येतं. तोच खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो आणि रेझिस्टन्स वाढतो. पावसात मोजून पैसे घेऊन मोकळं होणं सोपं आहे. जबाबदार माणूस उन्हाळ्यात परत जाऊन मोजतो आणि गरज असेल तर दुसरा खड्डा घेतो. ही उन्हाळ्यातली चक्कर कोटेशनमध्ये आधीच लिहा. तिचे पैसे मागायला लाजू नका, ते तुमच्या कामाचेच आहेत.

४. "दादा, कुंपणात करंट सोडून द्या"

भाताचं नुकसान रानडुकरं करतात, शेतकरी वैतागलेला असतो. ओळखीतला काका म्हणतो, "दादा, तारेला लाईन जोडून दे, रात्रीपुरती." इथे नाही म्हणायचं. त्या तारेला डुक्कर कळत नाही, माणूस कळत नाही. पहाटे परसाकडे निघालेली बाई, गुरं शोधायला गेलेलं पोर, कोणीही सापडू शकतं.

पण नुसतं नाही म्हणून निघून येऊ नका. सौर कुंपणाचं मशीन थोड्या वेळाचे झटके देतं, जनावर पळतं, मरत नाही. ते बसवून द्या. पीक नुकसानीसाठी वनविभागाकडे अर्ज करता येतो, हेही सांगा. काका आज रागावेल. उद्या त्याच्याच भावकीतून तुम्हाला काम येईल.

मग परवडतं का?

सुरुवातीला दोन-चार कामं हातची जातील, हे खरं. स्वस्तातला माणूस ती घेईल. पण तालुक्याच्या गावात वायरमनचं नाव तोंडातोंडी फिरतं. मुंबईत राहून मुरबाडला फार्महाऊस बांधणारा मालक रोज येऊन बघू शकत नाही. त्याला विश्वासाचा माणूस हवा असतो, आणि त्याचे पैसे द्यायला तो तयार असतो. त्याला तुमचं काम दिसेल असं करा:

• प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीतल्या पाईप-वायरचे फोटो काढून मालकाला पाठवा.
• वायर, एमसीबी आयएसआय मार्कचीच घ्या, बिल मालकाच्या नावाने करा.
• मेगर आणि अर्थिंगचं रीडिंग, तारीख आणि तुमचं नाव लिहून कागद डीबीच्या दाराच्या आत चिकटवा.

अभियंत्यांच्या जगभरच्या संघटनेच्या, आयईईईच्या, आचारसंहितेत पहिलं स्थान लोकांच्या सुरक्षिततेला आहे. डीबीच्या दारावरचा तुमचा कागद म्हणजे त्याच गोष्टीचं आपल्या गावातलं रूप.

या आठवड्याचा गृहपाठ: एका पानाचा स्वतःचा तपासणी तक्ता बनवा. पहिलं काम स्वतःच्या घराचं करा. मेगर लावा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, अर्थिंग बघा. आपल्या आईच्या घरावर जी सही बिनधास्त कराल, तीच गिऱ्हाइकाच्या घरावर करा.

भेटू पुढच्या भागात!