नकाशांच्या दप्तरातले माहूर
‘आइन-इ-अकबरी’त अबुल फजलाने वऱ्हाड सुभ्याची जी मोजदाद नोंदवली, तिच्यात माहूर हे स्वतंत्र सरकार आहे, परंतु १८५३ मध्ये पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली गेला, दक्षिणतीरीचे माहूर निजामाकडे राहिले, आणि पुढे आदिलाबाद जिल्ह्यात मोडणारा हा मुलूख १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेडास जोडला गेला. म्हणूनच जुन्या नकाशात माहूर शोधताना जिल्ह्याच्या नावावर विसंबू नये, नदीचे वळण धरावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५६ ई/१३ या पत्रकावर समोच्च रेषा जेथे एकमेकींना भिडतात तेथे कडा तुटलेला असतो, हे ध्यानी ठेवून माहूरच्या रामगड किल्ल्याचा तट न्याहाळावा. गडकऱ्यांनी निसर्गाचे साहाय्य किती विचारपूर्वक घेतले, ते तेथे प्रत्ययास येते.