तिफण, ऑर्गन आणि जेथ्रो टल

'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे शब्द दिसताच आमच्या वयाचे वाचक बहुधा पान उलटतील. त्यांस आमची विनंती इतकीच की, या संगीतातील एका वाद्यवृंदाचे नाव तरी ऐकून घ्यावे. ते नाव जेथ्रो टल. आणि मूळचा जेथ्रो टल (१६७४–१७४१) हा गवई नव्हे, तर इंग्लंडातील शेतकरी! तिकडे बी हाताने उधळून पेरण्याची रीत होती. त्याने १७०१ च्या सुमारास एका वेळी तीन ओळी पेरणारे, घोड्याने ओढावयाचे यंत्र रचिले. तीन फणांची तिफण आणि चाड्यावर मूठ धरून तिच्यामागे चालणारी बाई ज्यांनी पाहिली, त्या जळगाव-धुळ्याच्या लोकांस याचे नवल ते काय? नवल आहे ते निराळेच. बी मोजके सोडणाऱ्या भागाची कल्पना टलास ऑर्गन वाद्याच्या अंतर्रचनेवरून सुचली. आमच्या संगीत नाटकांत जो ऑर्गन गाजला, त्याचा हा चर्चमधील थोरला भाऊ.

१९६८ च्या आरंभी लंडनमध्ये काही तरुण वादक कार्यक्रम मिळावेत म्हणून वरचेवर नाव बदलीत असत. त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कचेरीतील एका इतिहासप्रेमी माणसाने हे नाव सुचविले, आणि तेच कायम झाले. वृंदाचे नायक इयन अँडरसन, जन्म १९४७, स्कॉटलंड. गिटारवादनात एरिक क्लॅप्टनची बरोबरी आपल्या हातून होणे नाही, हे ओळखून त्यांनी बासरी हाती घेतली, तीही गुरूवाचून. एका पायावर उभे राहून ते ती वाजवीत. आमच्याकडे कोणासही मुरलीधर आठवावा. पुढे त्यांची कन्या शाळेत बासरी शिकू लागली, तेव्हा वडिलांची बोटे चुकीची पडतात हे उघडकीस आले, आणि चाळिशी उलटलेल्या या जगप्रसिद्ध वादकाने पुन्हा पहिल्यापासून बोटे बसविली! जन्म शाळेत घालविलेल्या आम्हांस त्यांच्याविषयी खरा आदर वाटू लागला तो येथे.

'ॲक्वालंग' (१९७१) या ध्वनिमुद्रिकेतील शीर्षकगीत रस्त्यावरील एका निराधार माणसाविषयी आहे. सर्व गाणी एकाच सूत्रात ओवली आहेत, असे टीकाकार म्हणू लागले. अँडरसन यांस ते मान्य नव्हते. त्याचे विनोदी उत्तर म्हणून १९७२ त 'थिक ॲज अ ब्रिक' निघाली. दोन्ही बाजू मिळून एकच गाणे, सुमारे ४३ मिनिटांचे! वेष्टन म्हणजे खेडेगावचे बारा पानी वर्तमानपत्र. त्यात बातमी अशी की, आठ वर्षांच्या मुलाच्या कवितेस मिळालेले बक्षीस परीक्षकांनी काढून घेतले. मुलगा, कविता, परीक्षक, सारेच काल्पनिक. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यास ४३ मिनिटे जड जाऊ नयेत. ढोलांचा गोंगाट मात्र आम्हांस सोसवत नाही, हे आम्ही लपवीत नाही.

नोव्हेंबर २००८ त हा वृंद हिंदुस्थानात असतानाच मुंबईवर हल्ला झाला व तेथील कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. ५ डिसेंबरास अँडरसन व सतारवादिका अनुष्का शंकर यांनी तो हल्ल्यातील पीडितांच्या साहाय्यार्थ केला. वृंद अद्याप थकलेला नाही. २०२२, २०२३ व २०२५ या वर्षीही नव्या मुद्रिका निघाल्या.

परंतु आमचे मन गुंतले ते 'हेवी हॉर्सेस' (१९७८) मध्ये. हे नांगराच्या थोराड घोड्यांचे गाणे. आमचा कुणबी बैलांची नावे घेतो त्या मायेने त्यात घोड्यांच्या जाती घेतल्या आहेत: सफक, क्लाइड्सडेल, पर्शेरॉन, शायर. ट्रॅक्टर आला आणि तबेले ओस पडले. खनिज तेल आटेल त्या दिवशी या घोड्यांस पुन्हा बोलावणे येईल, अशी आशा कवी धरतो. ही आशा भाबडी खरी. परंतु ज्याच्या गोठ्यात आज ट्रॅक्टर उभा आहे आणि जो पोळ्यास मातीचे बैल पुजतो, त्यास ती हसण्याजोगी वाटणार नाही.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी पेरणी गायिली, पोळा गायिला. त्यांस अक्षरओळख नव्हती. गाणी ग्रंथरूप झाली ती त्यांच्या मागे, १९५२ त. त्यांनी बैल दावणीला असताना गायिले. अँडरसन यांनी घोडा निघून जात असताना. दावण रिकामी झाल्याचे गाणे अहिराणीत किंवा लेवा बोलीत अद्याप आमच्या कानी आलेले नाही. कोणा वाचकास ठाऊक असल्यास त्यांनी ते संपादकांकडे अवश्य लिहून धाडावे.