जुनी करवत घेताना

जोयडा तालुक्यात राहणाऱ्याला लाकडाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. शेजारच्या दांडेलीचा लाकूड डेपो सागवानासाठी नावाजलेला आहे, आणि आपल्या जुन्या घरांत वाशापासून देवघरापर्यंत सुताराचा हात लागलेला दिसतो. आता दुकानांतून विजेची यंत्रे आली. सुताराचा मुलगा नोकरीस लागला, की वडिलांची करवत माळ्यावरून उतरते ती थेट भंगारवाल्याकडे जाते. त्या ढिगात एखादी करवत आणखी एक जन्म काम करील अशी असते, तर दुसरी फुकट मिळाली तरी महाग पडते. हा भेद कसा ओळखावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

पहिल्या खरेदीत मी स्वतः फसलो. घासून चकचकीत केलेले पाते आणि पॉलिश केलेली मूठ पाहून पैसे मोजले. घरी फळी कापू लागलो, तर करवत आखलेली रेषा सोडून एका अंगाला जाऊ लागली. ओळखीच्या एका सुतारकाकांनी ती डोळ्यासमोर धरली आणि म्हणाले, ‘‘गंज निघतो रे बाबा, मोड निघत नाही.’’ सारी परीक्षा या वाक्यात आली.

म्हणून प्रथम मूठ डोळ्याजवळ धरून दातांच्या ओळीवरून टोकापर्यंत नजर टाकावी. पात्याला सलग, हलका बाक असेल तर तो उलट वाकवून काढता येतो. पण एकाच जागी मुडपलेले पाते सरळ करणे निष्णात कारागिराचेच काम. नंतर पाते हलकेच वाकवून सोडावे. चांगले पोलाद लगेच सरळ होते.

आपल्याकडच्या पावसात लोखंडाला गंज चढणारच. वरवरचा तांबूस गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने निघतो. दातांच्या मुळाशी खोल खड्डे पडलेले असतील, तर मात्र कानस लावताना दात तुटतात. एखादा दात तुटलेला चालतो; सलग पाचसहा गेले असतील तर सगळी ओळ नव्याने पाडावी लागते. दर वेळी धार लावताना पाते थोडे झिजते, म्हणून टोकाकडे अगदी अरुंद झालेली करवत घेऊ नये. मुठीची चिंता नको. ढिले स्क्रू आवळता येतात, आणि मूठ फुटली तरी शिसवीच्या तुकड्यातून नवी होते.

आपले काम कोणते, हेही पाहावे. लाकूड उभे चिरायच्या करवतीला इंचात पाचसहा दात असतात व ते पटाशीसारखे कापतात. आडवे कापायच्या करवतीला इंचात आठ ते अकरा दात असून त्यांच्या कडा सुरीसारख्या तिरक्या घासलेल्या असतात. हल्लीच्या पुष्कळ करवतींच्या दातांची टोके काळपट निळी दिसतात. ती इतकी कठीण केलेली असतात, की त्यांच्यावर कानस घसरते. धार गेली, की करवत संपली.

शेवटी नावाविषयी. जुन्या मुठीवर पितळी बिल्ला दिसतो. हेन्री डिस्टन यांनी १८४० साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे सुरू केलेल्या कारखान्याच्या करवती जगभर गेल्या. त्यांच्या उत्तम पात्यांची पाठ दातांपेक्षा पातळ घासलेली असे, त्यामुळे करवत कापात अडकत नसे. पण बिल्ल्यावर केवळ ‘वॉरंटेड सुपिरिअर’ एवढेच कोरलेले असेल, तर भुलू नये. ते कोणा एका कारखान्याचे नाव नव्हे. अनेक कारखानदार आपल्या स्वस्त मालावरही तो बिल्ला लावीत.

सौदा करताना करवतीच्या किमतीत तिधारी कानस आणि धार लावण्याची मजुरी मिळवावी. बेरीज परवडली आणि पाते सरळ असले, तर खुशाल घ्यावी. चकाकी पाहून घेतलेली माझी ती करवत आजही खुंटीला टांगलेली आहे. तिने लाकूड कापले नाही, पण पारख करायला शिकवले.