डोहाळे, ग्रहण आणि गर्भवतीचे ताट

मराठी घरात गर्भवतीच्या वाट्याला कौतुक आणि निर्बंध ही दोन्ही एकाच वेळी येतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा थाट होतो आणि त्याच घरात ‘फार जेवू नये, मूल मोठे होते’ असेही बजावले जाते. या लोकसमजुतींपैकी कोणत्या जपाव्यात आणि कोणत्या सोडाव्यात, याचा विवेक गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने करणे अगत्याचे आहे.

‘डोहाळे’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘दोहद’ या शब्दात आहे. गर्भवतीची इच्छा ही उदरातील जिवाचीच इच्छा होय. ती अपुरी राहिल्यास मुलात वैगुण्य येते, ही समजूत फार प्राचीन आहे. तिला शास्त्राचा आधार नाही. परंतु तिचा परिणाम हितकारक ठरला. एरवी सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेला या समजुतीमुळे चार चांगले घास हक्काने मिळत. हा रिवाज अवश्य टिकवावा.

मात्र एका डोहाळ्याकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त राणी सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लागल्याचे वर्णन आहे. आजही अनेक गर्भवतींना माती, राख किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. हे पुष्कळदा शरीरातील लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. अशा वेळी रक्ततपासणी करून घ्यावी. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या प्रत्येक गर्भवतीने किमान १८० दिवस घ्यावयाच्या असतात. या गोळ्यांनी मूल काळे होते, हा समज निराधार आहे. शौचाचा रंग मात्र काळसर होतो. त्याने घाबरून गोळ्या बंद करू नयेत.

कमी जेवण्याच्या सल्ल्यामागे अवघड बाळंतपणाची खरीखुरी भीती होती. वैद्यकीय मदत दूर असताना अडलेली बाळंतीण दगावत असे. परंतु अन्न जठरात जाते आणि गर्भ गर्भाशयात वाढतो. भरल्या पोटाने गर्भाची जागा व्यापली जात नाही. उलट, आईच्या उपासमारीने मूल अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. गर्भवतीला रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. एका वेळी जेवण जात नसेल, तर थोडे थोडे चार-पाच वेळा खावे. पपईविषयीची भीती सरसकट खोटी नाही. कच्च्या पपईतील चीक टाळणेच योग्य. पूर्ण पिकलेल्या पपईस मात्र हरकत नाही.

ग्रहणकाळात गर्भवतीने भाजी चिरली, तर मुलाचा ओठ फाटतो, असे मानले जाते. वास्तविक गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात घडतो. त्या वेळी अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचीही नीटशी जाणीव नसते. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ. तो गर्भाला स्पर्श करीत नाही. तासन्तास अन्नपाणी वर्ज्य केल्याने मात्र गर्भवतीला घेरी येऊ शकते. शिवाय, व्यंग घेऊन मूल जन्मले की सारा दोष आईवर येतो. फाटलेला ओठ शस्त्रक्रियेने सांधता येतो, हे त्या घरास सांगणे अधिक उपयोगाचे.

डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा विनोदच राहिला पाहिजे. गर्भाचे लिंग पित्याच्या बीजातील गुणसूत्राने ठरते. त्यासाठी सुनेला बोल लावणे अन्यायाचे आहे. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, तर केंद्राने १९९४ मध्ये केला. गर्भाचे लिंग बदलून देतो असा दावा करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

समजुतींची थट्टा करून त्या जात नाहीत. घरात कोणी काय खावे, हे बहुधा सासूबाई ठरवितात. म्हणून हे बोलणे त्यांच्याशी, आदराने झाले पाहिजे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत, शिक्षकांनी पालकसभेत हा विषय घ्यावा. अंगणवाडीत डोहाळजेवण साजरे करताना ओटीबरोबर लोहाच्या गोळ्या आणि तपासणीची तारीखही द्यावी. जी समजूत गर्भवतीच्या ताटात भर घालते ती राहू द्यावी. जी घास काढून घेते किंवा तिच्यावर दोष ठेवते, तिला निरोप द्यावा.